पैसे भरले, तरी पडदा काळा का?

प्रश्न : आम्ही केळझरचे. टॉकीजमध्ये सिनेमा पाहायचा तर वर्धा नाहीतर नागपूर गाठावं लागतं, आणि आईच्या गुडघ्यांमुळे आता तेही जमत नाही. म्हणून एका संकेतस्थळावर पैसे भरून मराठी सिनेमा भाड्याने घेतला. लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडला, भिंतीवर पांढरी चादर ताणली. ट्रेलर झकास दिसला. सिनेमा लावला तर आवाज येतोय, पण पडदा काळा! प्रोजेक्टर काढून लॅपटॉपवरच पाहिला तर चित्र आलं, पण धूसर. तोच सिनेमा मुलाच्या मोबाइलवर अगदी स्वच्छ दिसत होता. नेट एकच, खातं एकच, पैसे तर आधीच भरलेले. मग अडलं कुठे? त्यात मधे लाइट गेली, सिनेमा अर्धा राहिला, आणि दोन दिवसांनी पाहतो तर तो बंद. शिवाय यंदा गणेशोत्सवात मंडळातर्फे असाच भाड्याचा सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचं मनात आहे. ते चालेल का?
— एक वाचक, केळझर (ता. सेलू, जि. वर्धा)

उत्तर : तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड नाही, प्रोजेक्टरमध्ये नाही आणि नेटमध्येही नाही. जे अडलं ते मुद्दाम अडवलेलं आहे. भाड्याने मिळणारा प्रत्येक सिनेमा कुलूपबंद असतो. या कुलपाला डीआरएम म्हणतात. सिनेमाची प्रत कुणी काढू नये आणि मुदत संपल्यावर तो कुणी पाहू नये, यासाठी ते असतं. ट्रेलर ही जाहिरात असल्यामुळे तिला सहसा कुलूप नसतं. म्हणूनच ट्रेलर नीट दिसला की आपली जोडणी बरोबर आहे असं वाटतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ट्रेलरवरून सिनेमा चालेल की नाही याचा काहीही अंदाज येत नाही.

कुलूप काम कसं करतं ते आधी पाहू, म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होईल.

सिनेमा तुमच्याकडे एकसंध येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा सांकेतिक लिपीत घातलेला असतो. त्यासाठी बहुधा एईएस ही पद्धत वापरतात. बेल्जियमच्या दोन संकेतशास्त्रज्ञांनी ती तयार केली आणि अमेरिकेने 2001 साली तिला सरकारी मानक म्हणून मान्यता दिली. बँकांचे व्यवहारही तिच्याच भरवशावर चालतात. ती फोडणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. तेव्हा तुकडे वाटेत कुणाच्या हाती लागले तरी त्याला काही उपयोग नाही. तुम्ही प्ले दाबलं की ब्राउझरमध्ये बसवलेला एक छोटा बंदिस्त प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, 'या खात्याने पैसे भरलेत, किल्ली द्या.' सर्व्हर किल्ली देतो, पण अटींसकट. ही किल्ली अमुक वेळेपर्यंतच चालेल. इतक्याच स्पष्टतेच्या चित्राला चालेल. आणि चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवायचं असेल तर तो पडदा ओळख पटलेला असला पाहिजे.

बऱ्याच सेवांमध्ये साध्या चित्राची, एचडीची आणि फोरकेची किल्ली वेगवेगळी असते. तुमच्या यंत्राची पत बघून सर्व्हर कुठली द्यायची ते ठरवतो.

आता काळा पडदा. तुमच्या प्रोजेक्टरची केबल बघा. टोकाला निळा प्लग असेल, त्यात तीन ओळींत पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंना फिरवायचे स्क्रू असतील, तर ते व्हीजीए. नव्या लॅपटॉपला हे भोक नसतं, म्हणून बाजारातून एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर आणावा लागतो. तुम्हीही बहुतेक तोच लावला असणार. अडलं ते या कन्व्हर्टरपाशी. एचडीएमआयच्या तारेतून चित्र जाण्याआधी लॅपटॉप आणि पडदा यांच्यात ओळख तपासली जाते. त्या पद्धतीचं नाव एचडीसीपी. ती इंटेलने तयार केली. पडद्याने आपल्याकडच्या गुप्त किल्ल्यांच्या आधारे 'मी परवानाधारक आहे' हे सिद्ध केलं तरच सांकेतिक चित्र पुढे जातं. व्हीजीए ही जुनी अ‍ॅनालॉग पद्धत. तिच्यात अशी तपासणी नाहीच. तारेतून जाणारं चित्र कुणीही टिपून घेऊ शकतो. म्हणून उत्तर आलं नाही की लॅपटॉप चित्र अडवतो. आवाजावर इतका कडक पहारा नसतो, तो लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत राहतो. वर आणखी एक मेख आहे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायची सोय चालू असेल, तर त्यातला एक पडदा जरी ओळख पटवू शकला नाही तरी दोन्हीकडे अंधार होऊ शकतो.

हाच प्रकार ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून नातेवाइकांना सिनेमा दाखवू पाहणाऱ्यांचा होतो. पुण्यातला मुलगा लावतो आणि अमेरिकेतल्या मामाला काळा चौकोन दिसतो. संरक्षित चित्र संगणकाच्या स्मृतीत अशा जागी ठेवलेलं असतं की स्क्रीन टिपणाऱ्या प्रोग्रामला ते दिसतच नाही.

धूसर चित्राचं कारण निराळं आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि बहुतेक अँड्रॉइड यंत्रांत वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. ते बनवणारी कंपनी गुगलने 2010 साली विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचं कुलूप प्लेरेडी, अ‍ॅपलचं फेअरप्ले. वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत : सर्वांत वरची एल-1, सर्वांत खालची एल-3. एल-1 मध्ये कुलूप उघडण्याचं काम प्रोसेसरच्या आतल्या वेगळ्या सुरक्षित कप्प्यात होतं आणि बाकीच्या प्रोग्रामांना तिथे शिरकाव नसतो. एल-3 मध्ये सगळं निव्वळ सॉफ्टवेअरच्या जिवावर चालतं. संगणकावरच्या क्रोम-फायरफॉक्सला बहुधा एल-3 मिळते, आणि लिनक्स वापरणाऱ्यांचं तर त्यावरच भागतं. सॉफ्टवेअर उकलून किल्ली काढता येते हे निर्मात्यांना माहीत आहे; डेव्हिड ब्युकॅनन या ब्रिटिश संशोधकाने 2019 च्या जानेवारीत आपण एल-3 फोडल्याचं जाहीरच केलं होतं. त्यामुळे एल-3 ला कमी स्पष्टतेच्या चित्राचीच किल्ली द्यायची असं पुष्कळ सेवांचं धोरण असतं. तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये एल-1 असणार. म्हणून दहा-बारा हजारांच्या फोनवर स्वच्छ आणि चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर धूसर, असा उलटा न्याय झाला.

प्रत्येक फोनला एल-1 मिळतेच असंही नाही. 2018 साली भारतात आलेला पोको एफ-1 आठवा. प्रोसेसर त्या वेळचा अव्वल, पण एल-1 नसल्यामुळे मोठ्या ओटीटी सेवांवर एचडी चित्र दिसेना. लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या वर्षी अपडेटमधून ती सोय मिळाली. त्याआधी वनप्लस 5 आणि 5-टी यांचंही हेच झालं होतं. त्या ग्राहकांना तर एल-1 साठी फोनच कंपनीकडे पाठवावा लागला. फोन विकताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल खोक्यावर छापतात, ही गोष्ट कुठेच छापत नाहीत.

संगणकावरची अट आणखी जाचक होती. 2016 च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सने संगणकावर फोरके चित्र द्यायला सुरुवात केली, तेव्हा विंडोज 10, मायक्रोसॉफ्टचाच एज ब्राउझर आणि इंटेलचा त्या वेळी नुकता आलेला सातव्या पिढीचा प्रोसेसर, एवढं जुळून यावं लागे. त्याआधीच्या सालात घेतलेला महागडा संगणकही चालत नसे. चित्र दाखवायची त्याची ताकद कमी नव्हती. त्याच्यात कुलूप बसत नव्हतं, एवढंच.

आता तुम्ही काय करायचं? सर्वांत सोपा मार्ग असा : लॅपटॉप बाजूला ठेवा. टीव्हीवरचं अ‍ॅप किंवा टीव्हीला लावायची स्टिक यांची ओळख कारखान्यातच पटवलेली असते, तिथे ही कटकट सहसा येत नाही. प्रोजेक्टरच हवा असेल तर ज्याला थेट एचडीएमआय केबल बसते आणि ज्याच्या माहितीपत्रकात एचडीसीपी लिहिलेलं आहे असाच घ्या. मधे कन्व्हर्टर किंवा एका तारेच्या दोन करणारा स्प्लिटर नको. लॅपटॉपवरच पाहणार असाल तर विंडोजवर क्रोमऐवजी एज आणि अ‍ॅपलच्या संगणकावर सफारी वापरून पाहा. पुष्कळ सेवा तिथे वरच्या दर्जाचं चित्र देतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. एनीडेस्कसारखा दुरून संगणक हाताळायचा प्रोग्राम किंवा स्क्रीन रेकॉर्डर चालू असेल तर आधी बंद करा. आणि पैसे भरण्यापूर्वी त्याच सेवेवरचा एखादा फुकट किंवा वर्गणीत बसणारा पूर्ण लांबीचा सिनेमा त्याच जोडणीवर पाच मिनिटं चालवून बघा. त्यालाही बहुधा तेच कुलूप असतं, त्यामुळे ही चाचणी खरी.

मुदतीबद्दल. बहुतेक ठिकाणी दोन घड्याळं चालतात. भाडं भरल्यापासून सुरू करायला 30 दिवस, आणि एकदा सुरू केला की संपवायला साधारण 48 तास. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने 2022 च्या एप्रिलमध्ये भारतात भाड्याचं दुकान उघडलं तेव्हा हेच गणित ठेवलं. अ‍ॅपलने 2008 साली अमेरिकेत ही सेवा सुरू केली तेव्हा तर सुरू केल्यापासून 24 तासच मिळत. मुदत सर्व्हरच्या घड्याळावर मोजली जाते, त्यामुळे लॅपटॉपची तारीख मागे नेऊन काही साधत नाही. दुसरं घड्याळ प्ले दाबल्यावर सुरू होतं. म्हणून पडदा काळा आला तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, आधी जोडणी बदला.

व्हिडिओ लायब्ररीच्या काळात कॅसेट दुसऱ्या दिवशी परत करावी लागे, कारण दुकानात तिची एकच प्रत असायची आणि पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं असायचं. इथे तर कुणीच थांबलेलं नाही. तुम्ही सिनेमा चार दिवस ठेवला म्हणून दुसऱ्या कुणाला तो कमी पडत नाही. 48 तास हा तंत्राचा नियम नव्हे, निर्माता आणि सेवा यांच्यातल्या कराराचा आहे; त्यांनी ठरवलं तर उद्या तो आठवडा होऊ शकतो. जिथे लाइट केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नाही, शेतीच्या हंगामात संध्याकाळी दोन तास सलग मिळणं मुश्कील, तिथे आठवडा द्यायला काहीच हरकत नसावी. मराठी निर्मात्यांनी हा मुद्दा करारात लावून धरावा असं मला कळकळीने वाटतं. त्यांचा प्रेक्षक फक्त मुंबई-पुण्यात नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रातून जाणवतो तो प्रश्न असा : पैसे भरणाऱ्यालाच हा जाच का? चोरट्या प्रतीला तर कुलूपच नसतं. ती जुन्या प्रोजेक्टरवर चालते, कुठल्याही फोनवर चालते, 48 तासांनी बंद पडत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चोरीचं दुःख खरं आहे हे आधी सांगतो. 'सैराट' 2016 च्या एप्रिलअखेर लागला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत गावोगावच्या मोबाइलमध्ये फिरू लागली. त्या सिनेमाला एवढी गर्दी होती की तो तरला. पण लहान मराठी सिनेमाचं आयुष्य टॉकीजमध्ये एखाद-दोन आठवड्यांचं असतं. तेवढ्यात फुकट प्रत सुटली तर निर्मात्याचं कर्ज फिटत नाही आणि दिग्दर्शकाला पुढचा सिनेमा मिळत नाही. यावर उपाय हवाच. महाराष्ट्राने 2009 साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही घातलं. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने टॉकीजमध्ये सिनेमा चोरून चित्रित करण्याला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षं कैद ठेवली आहे.

मला शंका आहे ती घरातल्या कुलपाबद्दल. त्याची मुळातली अडचण अशी की कुलूप, माल आणि किल्ली तिन्ही ग्राहकाच्याच घरात असतात. किल्ली पोहोचल्याशिवाय सिनेमा दिसणार नाही, आणि पोहोचली की जाणकार माणूस ती शोधू शकतो. इतिहास तेच सांगतो. 1985 साली 'द कॉटन क्लब'च्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाचं संरक्षण पहिल्यांदा आलं. दुसऱ्या व्हीसीआरवर प्रत काढली की चित्र उजळायचं, काळवंडायचं. थोड्याच काळात ते दुरुस्त करणारी छोटी खोकी बाजारात आली. डीव्हीडीचं कुलूप 1999 साली फुटलं. त्या प्रकरणी नॉर्वेच्या यॉन लेक योहानसनवर खटला झाला. कुलूप फुटलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आपण विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहता यावी म्हणून हे केलं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि 2003 साली तो आधी खटल्यात आणि मग अपिलातही निर्दोष सुटला. तुमचा पडदा काळा करणाऱ्या एचडीसीपीची मूळ किल्ली 2010 च्या सप्टेंबरात इंटरनेटवर जाहीर झाली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. पुढे नवी आवृत्ती आली, पण जुन्या आवृत्तीचा पहारा आजही तुमच्या-माझ्या घरात चालू आहे.

शिवाय मोठ्या गळत्या पुष्कळदा प्रेक्षकाकडून होतच नाहीत. 'उडता पंजाब' 17 जून 2016 रोजी लागायचा होता. त्याच्या दोन दिवस आधीच प्रत इंटरनेटवर होती आणि तिच्यावर सेन्सॉरसाठीची खूण होती. तेव्हा कुणा प्रेक्षकाने भाडं भरलेलं नव्हतं, की कुणाच्या लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग कुलूप टिकून का आहे? माझ्या मते त्याचं खरं काम चोराला थांबवणं हे राहिलेलं नाही. कुठला फोन, कुठला ब्राउझर, कुठला पडदा आणि कुठली तार चालेल हे ठरवण्याचा अधिकार त्यातून हातात राहतो. कुलूप बसवायचं तर परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना घेतला की अटी पाळाव्या लागतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 18 सप्टेंबर 2017 रोजी ब्राउझरमध्ये अशी कुलपं जोडायची पद्धत मानक म्हणून मंजूर केली, त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांची संस्था निषेध म्हणून तिथून बाहेर पडली. संशोधक आणि अपंगांसाठी सोयी करणारे यांना कायदेशीर संरक्षण द्या, एवढी तिची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

भारतातला कायदा या बाबतीत समंजस आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 65-अ हे कलम आलं. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने फोडलं तर. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळलेली आहे. अमेरिकेच्या 1998 च्या अशाच कायद्यापेक्षा हे पुष्कळ मोकळं आहे. म्हणून तुम्ही कुलूप फोडायच्या मागे लागू नका. त्यासाठीचे प्रोग्राम म्हणून जे फुकट वाटले जातात, त्यांतून संगणकात काय शिरेल याचा नेम नाही, आणि सेवेच्या अटी मोडल्या म्हणून खातं जाईल ते वेगळंच.

कुलपाशिवाय धंदा बुडतो असंही दिसलेलं नाही. मोझर बेअर या कंपनीने 2007 च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. तोवर मूळ प्रत शे-दोनशेच्या घरात आणि फुटपाथवरची चोरटी तीस-चाळीसला, असा मामला होता. भाव चोरट्या प्रतीच्या बरोबरीला आल्यावर लोक आपणहून मूळ प्रतीकडे वळले, पोलिसांना बोलवावं लागलं नाही. व्हीसीडीला तर काही कुलूपही नव्हतं. गाण्यांचं पाहा : अ‍ॅपलने 2009 साली विकत मिळणाऱ्या गाण्यांवरचं कुलूप काढण्याची घोषणा केली. आपल्याकडे फ्लिपकार्टने 2012 साली फ्लाइट हे गाण्यांचं दुकान काढलं, तिथे साधी एमपीथ्री मिळत, कुलूप नसलेली. दुकान दीड वर्षाच्या आतच, 2013 च्या जूनमध्ये बंद पडलं, पण ज्यांनी गाणी घेतली त्यांच्याकडे ती राहिली. कुलूपबंद वस्तू विकणारं दुकान बंद पडलं तर किल्ली देणारा सर्व्हरही जातो आणि घेतलेली वस्तू निकामी होते. मायक्रोसॉफ्टने 2019 साली ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं नाहीशी झाली. पैसे परत दिले, हे खरं. पुस्तकं गेली ती गेलीच.

सिनेमाच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते, कारण आपण आधीच पुष्कळ गमावलं आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळांच्या त्या सिनेमाची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचली, मधली गेली. 2003 च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरची जुनी रिळं जळाली. एखादी जादा प्रत कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत राहिली तरच सिनेमा वाचतो. आज थेट ओटीटीवर येणाऱ्या मराठी सिनेमाची कुलूप नसलेली प्रत संग्रहालयाकडे जमा होते आहे की नाही, याकडे निर्मात्यांच्या संघटनांनी लक्ष घालायला हवं. सेवा बंद पडल्यावर घराघरांतल्या प्रती उपयोगी पडतील, ही आशा कुलपामुळे उरलेली नाही.

एवढं बोलूनही भाड्याच्या सिनेमाला कुलूप नकोच, असं मी म्हणणार नाही. थोड्या पैशात थोड्या दिवसांसाठी दिलेली वस्तू परत घेण्याचा दुसरा मार्ग कंपनीकडे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये 'सितारे जमीन पर' यूट्यूबवर 100 रुपयांत मिळू लागला. घरातल्या पाच जणांनी पाहिला तर माणशी वीस रुपये. इतक्या स्वस्तात मुदतीची अट रास्तच आहे. विकत घेतलेल्या प्रतीला मात्र कुलूप नसावं, कारण तिथे पूर्ण किंमत मोजलेली असते. आणि भाड्याच्या बाबतीत माझी हरकत एकच : अटी पैसे घेण्याआधी, ठळक मराठीत सांगत नाहीत. 'या ब्राउझरवर चित्र कमी स्पष्ट दिसेल, कन्व्हर्टर लावून बाहेरच्या पडद्यावर दिसणार नाही', हे वाक्य पैसे भरायच्या बटणाशेजारी छापणं अवघड नाही. तुमचं यंत्र कुठल्या दर्जाचं आहे हे सर्व्हरला त्याच क्षणी विचारून कळू शकतं. कळू शकत असून न सांगता पैसे घेणं, हे गैर आहे.

आता मंडळाचं. भाड्याने घेतलेला सिनेमा मंडळाच्या मांडवात दाखवता येणार नाही. तिकीट नसलं तरी नाही, आणि देवाच्या निमित्ताने असला तरी नाही. भाडं हे घरगुती पाहण्याचं असतं. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे राहतो आणि त्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती मिळणं वाटतं तितकं कठीण नाही. जुन्या मराठी सिनेमांचे हक्कदार माफक रकमेत, कधी कधी नुसत्या पत्रावरही परवानगी देतात आणि दाखवण्याजोगी प्रतही पाठवतात. मग कुलपाचा प्रश्नच येत नाही आणि तुमचा जुना प्रोजेक्टरही चालतो. परवानगी मागताना सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत घ्यायला विसरू नका. केळझरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांतला, तिथे उत्सवात बाहेरगावची माणसंही येतात. एवढ्या लोकांसमोर सगळं रीतसर असलेलं बरं.

शाळेची गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढ्यांपुरताच सिनेमा दाखवला तर तो हक्कभंग ठरत नाही. गावातल्या शाळेने याचा फायदा जरूर घ्यावा. मात्र ओटीटी सेवेच्या स्वतःच्या अटी तिथेही लागू होतात, म्हणून शाळेने भाड्याच्या खात्याऐवजी डीव्हीडी किंवा निर्मात्याकडून मिळालेली प्रत वापरावी.

शेवटी तुमच्या बुडालेल्या भाड्याचं. सेवेच्या मदत कक्षाला आजच लिहा : सिनेमाचं नाव, तारीख, काळ्या पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो आणि 'ही अट पैसे भरण्यापूर्वी दाखवली नव्हती' हे वाक्य. पुष्कळदा एवढ्यावर पैसे परत येतात किंवा मुदत वाढवून मिळते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाला विकत घेण्याआधी पुरेशी माहिती देणं बंधनकारक आहे, त्याचा उल्लेख करा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि तक्रार मराठीतच लिहा.